पांढरी पाचच्या जरा वर

"दुसरा तंबोरा कुणी लावलाय?" आत्यानं डोळे न उघडताच विचारलं. पहाटेचे साडेपाच वाजले असतील. ती हॉलमध्ये सतरंजीवर बसलेली, समोर लॅपटॉपवर तानपुऱ्याचं ॲप, लॅपटॉपमधून निघालेली वायर माझ्या जुन्या ॲम्प्लिफायरमध्ये गेलेली. तिचा खरा तंबोरा सोलापूरला गवसणीत होता, म्हणून ही तजवीज. मी म्हटलं, दुसरा कुठला, एकच तर आहे. "नाही रे. हा बघ, खालचा. माझा सा पेटीवर काळी चार. आणि हा मेला पांढरी पाचच्या जरा वर जाऊन बसलाय. धड पाच नाही, धड चार नाही. मला खाली ओढतोय." मी ॲप थांबवलं. तानपुरा थांबला आणि तो दुसरा तसाच चालू राहिला. घूंऽऽऽ.

हमिंग मला नवं नव्हतं. ज्यांनी शाळेत असताना सोल्डरिंग आयर्न हातात धरलं त्यांतल्या बऱ्याच जणांचा पहिला ॲम्प ४४४० चा असतो, माझाही तोच. बारा-झिरो-बारा ट्रान्सफॉर्मर, दोन डायोड, एक गलेलठ्ठ कंडेन्सर आणि सॅनयोची ती चौदा पायांची ४४४० नंबरची आयसी. पत्र्याच्या डब्यात सगळं बसवायचं, पुढे व्हॉल्यूमचा नॉब लावायचा, की झालं. असे डबे थोडंफार गुणगुणतातच, हे आम्ही गृहीत धरलेलं असतं. गाणं लावलं की ते दबतं, आणि गाणं थांबल्यावर उठून बटण बंद करायचं असतं. इतकी वर्षं माझ्या लेखी तो फक्त आवाज होता. त्याला सूर असेल, आणि तो पेटीवर दाखवता येईल, हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

त्या दिवशी ऑफिसात बसल्या बसल्या मी हिशेब केला. खालच्या सप्तकातली पांढरी पाच म्हणजे ९८ हर्ट्झ, काळी चार म्हणजे जवळपास १०४. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. दोन डायोड तिच्या दोन्ही अर्ध्या लाटा एकाच दिशेला वळवतात, म्हणजे डायोडच्या पुढे सेकंदाला १०० उसळ्या. ९८ आणि १०४ च्या मधे १०० कुठे पडतो ते मोजलं, तर पांढरी पाचच्या वर, अर्ध्या सुराच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतका. आत्या म्हणाली होती तिथेच. गांधर्वची विशारद, आयुष्यभर शाळेतल्या मुलींना भूप आणि दुर्गा शिकवलेली बाई, मल्टिमीटर कशाशी खातात हे तिला ठाऊक नाही. पण तिनं नुसता सूर सांगितला नव्हता, बिघाड कुठे आहे तेही सांगून टाकलं होतं. दोन डायोडपैकी एखादा गेला असता तर उसळ्या निम्म्या झाल्या असत्या आणि हमिंग पूर्ण एक सप्तक खाली, पन्नासावर गेलं असतं. शंभर ऐकू येतंय म्हणजे डायोड शाबूत आहेत आणि त्यांच्या पुढचं काहीतरी दमलंय.

संध्याकाळी खात्री करून घेतली. व्हॉल्यूम शून्यावर नेला, हमिंग तसूभरही हललं नाही. म्हणजे ते व्हॉल्यूमच्या अलीकडून, इनपुटमधून येत नव्हतं. इनपुटची वायरच उपटून काढली, तरी तेच. मग डब्याचे स्क्रू काढले. हा ॲम्प कित्येक वर्षं माळ्यावर पडून होता आणि आत्या येणार म्हणून खाली उतरवला होता. आत झुरळांची अंडी, एक वाळलेली पाल, आणि मधोमध तो फिल्टर कंडेन्सर. ४७०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट. निळ्या प्लॅस्टिकच्या वेष्टणावरची अक्षरं पुसट झालेली. डोक्यावर अधिकच्या खुणेसारखी जी चीर असते, दाब वाढला तर तिथून फाटावं म्हणून मुद्दाम ठेवलेली, ती फुगून वर आलेली. एका पायाशी तपकिरी, चिकट, वाळलेला ओघळ. नाकाशी नेला तर खाऱ्या माशासारखा मंद वास. ज्यांनी जुने रेडिओ उघडलेत त्यांना हा वास लगेच ओळखू येईल.

कंडेन्सरचं काम गच्चीवरच्या टाकीचं. महापालिकेचं पाणी धारेनं येवो की थांबत थांबत, नळाला मात्र एकसारखं पडायला हवं. डायोडकडून सेकंदाला शंभर वेळा भरणा येतो आणि मधल्या वेळात आयसी टाकीतलं पाणी वापरते. आतला इलेक्ट्रोलाइट सुकला की टाकी लहान होते, दोन भरण्यांच्या मधे तळ दिसायला लागतो, आणि ती चढउतार स्पीकरच्या कोनापर्यंत पोचते. वापरात नसलेला कंडेन्सर वापरातल्यापेक्षा बरा राहतो असं वाटतं खरं, पण तसं नसतं. वीज मिळत राहिली तर त्याच्या आतला ऑक्साइडचा पातळ थर टिकून राहतो, नुसता पडून राहिला तर तो थरही विरत जातो.

शनिवारी पुण्याच्या तपकीर गल्लीत गेलो. पासोड्या विठोबाच्या अलीकडे गाडी लावायला जागा मिळणं हाच मोठा प्रकल्प, पण एकदा गल्लीत शिरलं की मला अजूनही शाळकरी मुलासारखं होतं. एलईडीच्या पट्ट्या, सीसीटीव्हीच्या वायरींची भेंडोळी, आणि त्यांच्यामागे कुठेतरी एखादं जुनं दुकान, जिथे लाकडी खणांवर पेनानं ओहमची खूण आणि आकडे लिहिलेले असतात. काउंटरवरच्या माणसानं मान वर न करता विचारलं, "पंच्याऐंशी का एकशेपाच?" कंडेन्सर किती तापमानाला टिकणार, तो आकडा. मी एकशेपाचचा घेतला, व्होल्टही पंचवीसऐवजी पस्तीस. "कशाला लावताय?" "४४४० ला." आता मात्र त्यानं मान वर केली. "अजून चालतोय?" म्हणाला, आणि सोबत दोन डायोड फुकट दिले.

सोल्डरची राळ जळायला लागली की तिचा पांढरा धूर नेमका नाकाकडेच येतो, तुम्ही कुठल्याही बाजूला बसा. त्या धुरासोबत मला नेहमी मास्तर आठवतात. सोलापुरात आमच्या घराजवळ त्यांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, सगळी पेठ त्यांना तेच म्हणायची. सुट्टीत मी त्यांच्याकडे बसायचो, स्क्रू वेचून द्यायचो, चहा आणायचो. कुणी बंद ॲम्प घेऊन आलं की ते मीटरला हात लावायचे नाहीत. डबा उघडायचा, चालू करायचा, बारक्या स्क्रूड्रायव्हरच्या लोखंडावर बोट टेकवून त्याचं टोक व्हॉल्यूम कंट्रोलच्या मधल्या पायाला लावायचं. स्पीकरमधून मोठ्यानं भोंऽऽ असा आवाज आला की म्हणायचे,

"बोलतोय."

म्हणजे आयसी ठीक, स्पीकर ठीक, दोष अलीकडे आहे. आवाज आला नाही तर पलीकडे. पुढे एकेक टप्पा मागे यायचं आणि बोट लावत जायचं. ज्या हमिंगला घालवायला लोक पैसे देतात तेच मास्तरांचं हत्यार होतं. हा आवाज तुमच्या बोटातून येतो कसा, असं मी एकदा विचारलं होतं. भिंतीतल्या वायरी, डोक्यावरचा पंखा, शेजारच्या दुकानातली ट्यूब, या सगळ्यांच्या विजेचं क्षेत्र भोवताली पसरलेलं असतं आणि आपलं अंग म्हणजे त्यात उभी असलेली एक अँटेना, हे मला पुढे इंजिनियरिंगला कळलं. मास्तरांनी इतकंच सांगितलं, "सगळ्यांच्या अंगात असतं. ऐकायला ॲम्प लागतो."

ते भारनियमनाचे दिवस होते. गणपतीच्या आधी मंडळांचे ॲम्प दुरुस्तीला यायचे आणि वीज तर तासन् तास गायब, म्हणून मास्तरांनी गाडीची बारा व्होल्टची बॅटरी आणून ठेवली होती. एका संध्याकाळी अख्ख्या भागातली वीज गेलेली, मेणबत्ती लावलेली, आणि ते मला म्हणाले, बोट लावून बघ. मी लावलं. काही नाही. स्क्रूड्रायव्हर टेकताना टक् असा एक बारीक आवाज, पुढे शांत. मी म्हटलं, आयसी गेली मास्तर. ते हसले. टेपची पिन खोचली तर आरती खणखणीत वाजायला लागली. "गाव बंद आहे," ते म्हणाले, "तर तुझ्या अंगात कुठून येणार?" मला ते तेव्हा नीटसं कळलं नाही. पण अजूनही ज्या रात्री पूर्ण परिसराची वीज जाते तेव्हा मला हटकून वाटतं, आत्ता आपण सगळे अंगानं मोकळे आहोत. छान वाटतं आणि थोडं पोरकंही वाटतं. पंखा नाही म्हणून चिडचिड होते ती वेगळीच.

नवा कंडेन्सर बसला आणि शंभराचं हमिंग गेलं. व्हॉल्यूम शून्यावर ठेवून स्पीकरला कान लावला, नुसती अगदी बारीक सळसळ. मी खूश. दुसऱ्या दिवशी पहाटे आत्या बसली, लॅपटॉप जोडला, आणि सा लावायच्या आतच म्हणाली, "पहिला गेला. हा निराळा आहे. याला पंचम आहे बघ."

खरंच होता. हे हमिंग बारीक होतं आणि व्हॉल्यूमबरोबर वरखाली होत होतं, म्हणजे इनपुटकडून येत होतं. मूळ सूर पन्नासाचा. माझ्या चार इंची स्पीकरना पन्नास काही धड वाजवता येत नाही, ऐकू येतात त्याच्या वरच्या पटी, शंभर आणि दीडशे. आणि शंभराला दीडशे म्हणजे दीडपट, शुद्ध पंचम. ट्रान्सफॉर्मरनं आणि तारांनी गायलेला सा-प, पण आपल्या सा शी काडीचा संबंध नसलेला. मी लॅपटॉपच्या चार्जरची पिन भिंतीतून काढली. लॅपटॉप बॅटरीवर आला आणि दुसरा तंबोरा जागच्या जागी गप्प झाला. आत्यानं डोळे उघडून माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी इतके दिवस मुद्दाम करत होतो.

याला ग्राउंड लूप म्हणतात. ॲम्पचा डबा पत्र्याचा, त्याला तीन पिनी कॉर्ड, म्हणजे डबा अर्थला जोडलेला. चार्जरही तीन पिनी, तोही अर्थला. एक टीव्हीजवळच्या बोर्डात, दुसरा समोरच्या भिंतीत. दोन्ही अर्थ पुढे कुठेतरी मीटरपाशी एकत्र येतात, आणि इकडे ऑडिओच्या वायरची जाळी त्यांना पुन्हा जोडते. अर्ध्या हॉलला वळसा घालणारं तांब्याचं एक कडं तयार होतं. कड्याच्या दोन टोकांत किंचित जरी फरक पडला तरी त्यातून पन्नासाचा प्रवाह वाहतो, आणि तो वाहतो नेमका त्या जाळीतून, जिच्या भरवशावर गाणं चाललेलं असतं. आमच्या इमारतीतल्या एका ऑडिओवेड्या गृहस्थांनी ऐकल्याबरोबर तोडगा सांगितला. ॲम्पच्या प्लगची वरची जाड पिन काढून टाक, लगेच जाईल. जातं, हे खरं आहे. शेकडो घरांत ते तसंच घालवलेलं असणार. पण ती पिन गाण्यासाठी नसतेच. उद्या ट्रान्सफॉर्मरच्या आतलं इन्सुलेशन जळून २३० व्होल्ट डब्यावर आले, तर ते त्या पिनेतून जमिनीत जातात आणि फ्यूज उडतो. पिन नसेल तर ते डब्यावर वाट बघत बसतात, आणि आमच्याकडे पहाटे आंघोळ करून, ओल्या हातांनी व्हॉल्यूम फिरवणारी एक आत्या आहे. हमिंग परवडलं. या बाबतीत मी कुणाशी वाद घालत नाही, सरळ भांडतो.

मी दोन्ही प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डात आणले. कडं लहान झालं, हमिंग बरंच उतरलं. उरलेलं घालवायला मधे ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाकला, काडेपेटीएवढा. त्यात तारेचे दोन वेढे शेजारी असतात पण एकमेकांना शिवत नाहीत. गाणं चुंबकातून पलीकडे उडी मारतं, जाळी मात्र तुटलेली, म्हणून लूपचा प्रवाह अलीकडेच अडतो. लॅपटॉप चार्जिंगला लावला तरी आता ॲम्प गप्प.

हे सगळं चाललेलं असताना आत्या तंबोऱ्याविषयी बोलत बसायची. तिचा तंबोरा मिरजेचा, भोपळा आमच्याच जिल्ह्यातला, मंगळवेढ्याकडचा. तो भोपळा मिरजेला जातो, सतारमेकर गल्लीत तंबोरा होऊन बाहेर पडतो आणि त्यातला एखादा परत सोलापूरला येतो, याचं तिला अजून अप्रूप आहे. दर काही वर्षांनी ती तो जवारीला पाठवायची. तिनं मला जवारी समजावून सांगितली तेव्हा मी सोल्डरिंग आयर्न खाली ठेवलं. घोडीचा माथा कारागीर इतक्या बारीक उतारानं घासतो की तार तिला टेकत टेकत कंप पावते, आणि तारेखाली सुताचा एक धागा सरकवून नेमक्या जागी आणतात. धागा केसभर इकडेतिकडे झाला तर तार मुकी. जागेवर बसला की तीच तार भुंग्यासारखी गुंजते, आणि तिच्यातून पंचम, वरचा सा, कधी गंधारसुद्धा बाहेर येतो. म्हणजे एकीकडे एक कारागीर दिवस घालवून वाद्यात गुणगुण आणतो, आणि दुसरीकडे मी दिवस घालवून डब्यातली गुणगुण काढतो. पटी काढून पाहिल्या तर दोन्ही जवळपास एकाच जातीच्या. मी हे आत्याला ऐकवलं. ती म्हणाली, "तंबोऱ्याला खुंटी असते. तुझ्या डब्याला आहे का?"

नाही. खुंटी डब्यात नाही, घरात नाही, गावातही नाही. ती आहे देशभरच्या वीजकेंद्रांमध्ये फिरणाऱ्या जनित्रांमध्ये, आणि ती सगळी मिळून एकाच लयीत फिरतात. पूर्वी तसं नव्हतं. दक्षिणेचं ग्रिड, म्हणजे विजेचं जाळं, वेगळं होतं, त्याची फ्रीक्वेन्सी वेगळी. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन चालू झाली आणि दक्षिण बाकीच्या देशाला जोडली गेली. तेव्हापासून तिरुअनंतपुरमचा पंखा आणि श्रीनगरचा पंखा एकाच सुरावर आहेत, आणि ती गाठ आमच्या सोलापुरात मारली गेली, याचा मला विनाकारण अभिमान आहे. त्याआधी, नव्वदच्या दशकात, संध्याकाळी मागणी चढली आणि वीज कमी पडली की जनित्रं जडावायची, फ्रीक्वेन्सी ४९ च्याही खाली यायची. म्हणजे आत्या तरुणपणी घरी रियाजाला बसायची तेव्हा तिच्या घरातलं हमिंग पांढरी पाचच्याही किंचित खाली उतरत असणार. तिला विचारलं, तेव्हा ऐकू यायचं का? म्हणाली, तेव्हा माझा सा काळी पाच होता, मी कशाला खाली बघते?

तिची मुलगी न्यू जर्सीला असते. तिकडे वीज ६० हर्ट्झची, म्हणजे हमिंग १२० वर, काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मधोमध. मी हे आकडेमोड करून सांगितलं तर आत्यानं हात झटकला. "मला काय सांगतोस, मी सहा महिने राहून आले. तिथला फ्रीज वरच्या सुरात रडतो." मला मात्र तिच्या काळी पाचवरून काळी चारवर येण्याचा हिशेब डोक्यातून जाईना. गळा वयानं उतरतो, सगळ्यांचाच उतरतो, ती ते सर्दीपडशाइतक्या सहज बोलते. पण त्या पहाटे ती 'मला खाली ओढतोय' म्हणाली, त्यात नुसती डब्याचीच तक्रार होती का, हे मी तिला विचारलेलं नाही.

ॲम्प शांत झाल्यावर अर्थातच आमचा फ्रीज ऐकू यायला लागला. जुना आहे, इन्व्हर्टरवाला नाही, कॉम्प्रेसर चालू झाला की तोच शंभर. "आता त्याचं बघ," आत्या म्हणाली. मी म्हटलं, आत्या, त्याचं काही होत नाही, खाली रबर टाकून पाहिलं, भिंतीपासून लांब ओढला, जेवढं कमी व्हायचं तेवढं झालं. दोन-तीन दिवस ती कुरकुरली. आणि एका पहाटे मी चहाला उठलो तर घरात काहीतरी वेगळं लागत होतं. जवळ जाऊन पाहिलं. तिनं ॲपमध्ये सा पांढरी पाचवर आणला होता आणि बारीक सूर जुळवायची जी पट्टी असते ती बोटानं सरकवत सरकवत पस्तीस सेंट वर नेऊन ठेवली होती. सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग. तानपुरा, फ्रीज आणि आत्या, तिघंही शंभराच्या घरात. "असाही जमतोय," ती म्हणाली. "खर्जाला बरा आहे."

आता तिची नवी तक्रार अशी की फ्रीज काही दिवस किंचित उतरलेला असतो. ॲपचा सा स्थिर, त्याच्याशी फ्रीजचा सा घासून तीन-चार सेकंदांनी एक लाट येते, म्हणते. मी मनातल्या मनात म्हटलं, आता हे अति झालं. पण ग्रिडची त्या क्षणाची फ्रीक्वेन्सी इंटरनेटवर दिसते, म्हणून फोनवर उघडून पाहिली. हल्ली ती ४९.९० ते ५०.०५ च्या आत ठेवतात. त्या वेळी होती ४९.९३. कागदावर गुणाकार केला, वरच्या सा ला लाट साडेतीन सेकंदांची निघते. आत्याला सांगितलं. "मग कळव त्यांना," ती म्हणाली आणि आलापी पुढे सुरू केली.